सीडी, डीव्हीडी, पेनड्राइव्ह घालताच येणारे मेसेज कसे बंद करायचे

पीकविम्याची मुदत संपत आली की सेतू केंद्रात आणि झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह एकामागून एक लागत राहतात. एकात सातबारा, दुसऱ्यात पासबुकाचा फोटो, तिसऱ्यात मुलाचा दाखला. दर वेळी 'टिंग' वाजतं, उजव्या कोपऱ्यात चौकट येते, ती बंद करेपर्यंत भलतंच फोल्डर समोर उघडतं आणि टाइप करत असलेला फॉर्म मागे जातो. हे सगळं थांबवता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. अट एकच: समोर आलेला मेसेज नेमका कोणता, हे आधी ओळखायचं. सगळे मेसेज एका बटणाने बंद होत नाहीत. त्यातले एक-दोन तर बंद करूच नयेत.

ऑटोरन वेगळं, ऑटोप्ले वेगळं

विंडोज ९५ पासून सीडी घातली की तिच्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू व्हायची सोय आली. तिचं नाव ऑटोरन. सीडीवर अगदी वरच्या पातळीला, कुठल्याही फोल्डरच्या आत नव्हे, 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाची छोटी फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून पाहिली तर साधा मजकूर दिसतो: पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ऑटोरन हा शब्द आणि खाली कोणती फाइल चालवायची, कोणतं चिन्ह दाखवायचं याच्या दोन-तीन ओळी. विंडोज ती वाचून त्याप्रमाणे वागतं.

ऑटोप्ले विंडोज एक्सपीच्या काळात आलं. ते घातलेल्या वस्तूत गाणी आहेत, फोटो आहेत की प्रोग्राम, हे पाहतं आणि 'याचं काय करू?' असं विचारतं. आज आपल्याला त्रास होतो तो बहुतेक या दुसऱ्याचा.

ऑटोरनने मात्र खरं नुकसान केलं. २००८ च्या अखेरीस पसरू लागलेला कॉन्फिकर हा व्हायरस पेनड्राइव्हवर अशीच ऑटोरनची फाइल टाकून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचा. पुढे विंडोज ७ ने पेनड्राइव्हवरून आपोआप प्रोग्राम चालणं बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसाच अपडेट आला. सीडी-डीव्हीडी त्या बंदीतून वगळल्या होत्या. म्हणून आजही सीडी घातल्यावर 'सेटअप चालवू का' असं विचारलं जातं, पेनड्राइव्ह घातल्यावर तसं विचारलं जात नाही.

पहिला उपाय: सेटिंग्जमधलं एक बटण

विंडोज ११ वर स्टार्टवर राइट क्लिक करून सेटिंग्ज उघडा. डावीकडे 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात खाली 'ऑटोप्ले'. विंडोज १० वर हेच सेटिंग्जमधल्या 'डिव्हायसेस' खाली आहे. शोधायचा कंटाळा असेल तर स्टार्टमध्ये ऑटोप्ले असं इंग्रजीत टाइप करा, थेट तिथेच पोचाल.

सगळ्यात वर 'यूज ऑटोप्ले फॉर ऑल मीडिया अँड डिव्हायसेस' हे बटण आहे. ते बंद केलं की कोपऱ्यातली चौकट आणि आपोआप उघडणारं फोल्डर, दोन्ही थांबतात. रीस्टार्ट करावा लागत नाही. पेनड्राइव्ह काढून पुन्हा घाला आणि खात्री करा.

घरच्या कॉम्प्युटरला एवढं पुरतं. दुकानात मात्र सगळंच बंद करण्याऐवजी प्रकारानुसार ठरवलेलं बरं. त्याच पानावर 'रिमूव्हेबल ड्राइव्ह' आणि 'मेमरी कार्ड' असे दोन पर्याय दिसतात. प्रत्येकासमोर यादी आहे: 'टेक नो ॲक्शन' म्हणजे काहीच करू नको, 'ओपन फोल्डर टू व्ह्यू फाइल्स' म्हणजे नुसतं फोल्डर उघड, 'आस्क मी एव्हरी टाइम' म्हणजे दर वेळी विचार. फोटो इम्पोर्ट करायचाही पर्याय असतो. फोटो स्टुडिओत कार्ड घातलं की फोटोंचं ॲप आपोआप उघडत असेल, तर कधीतरी घाईत त्या चौकटीवर क्लिक झालेलं असतं. एकदा निवडलेली कृती विंडोज कायमची धरून ठेवतं. इथे येऊन ती बदला.

सीडी-डीव्हीडीसाठी कंट्रोल पॅनल

सेटिंग्जच्या पानावर सीडीचा उल्लेख नसतो. त्यासाठी जुनं कंट्रोल पॅनल लागतं. स्टार्टमध्ये कंट्रोल पॅनल शोधा, 'हार्डवेअर अँड साउंड' उघडा, त्यात 'ऑटोप्ले'. इथे लांबलचक यादी येते: सॉफ्टवेअर, डीव्हीडी मूव्ही, ऑडिओ सीडी, कोरी सीडी, कोरी डीव्हीडी, ब्लू-रे, वगैरे. आमचा सल्ला असा:

१. 'सॉफ्टवेअर' समोर 'टेक नो ॲक्शन'. हा पर्याय सगळ्यात महत्त्वाचा. 'इन्स्टॉल ऑर रन प्रोग्राम फ्रॉम युवर मीडिया' इथे कधीही ठेवू नका, कारण मग कोणाचीही सीडी घातली की तिच्यावरचा प्रोग्राम न विचारता चालतो.

२. कोरी सीडी आणि कोरी डीव्हीडीसमोरही 'टेक नो ॲक्शन'. स्टुडिओवाले लग्नाच्या डीव्हीडी आपल्या बर्निंग सॉफ्टवेअरमधूनच लिहितात, विंडोजने मध्ये येण्याची गरज नसते.

३. डीव्हीडी मूव्ही आणि ऑडिओ सीडीसमोर हवं तर व्हीएलसी ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये मुळात डीव्हीडी चित्रपट चालवायची सोय येत नाही, त्यामुळे व्हीएलसीसारखं काहीतरी टाकावंच लागतं. टाकल्यावर ते या यादीत दिसतं.

४. खाली 'सेव्ह' दाबा. हे लोक विसरतात आणि मग 'सेटिंग राहतच नाही' म्हणतात.

यादीत पार गोंधळ झाला असेल तर तळाशी 'रीसेट ऑल डिफॉल्ट्स' आहे. ते दाबून पुन्हा पहिल्यापासून ठरवा.

एक्सपीच्या काळातली शिफ्टची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते: शिफ्ट दाबून धरायचं आणि सीडी आत ढकलायची, म्हणजे ऑटोरन होत नाही. ती व्हिस्टाच्या आधीच्या विंडोजची गोष्ट. त्यानंतरच्या विंडोजमध्ये तिच्यावर विसंबू नका.

एमआरआयची सीडी

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरहून एमआरआय, सीटी स्कॅन करून आलेले लोक फिल्मसोबत सीडी घेऊन येतात. 'डॉक्टरांना मोबाइलवर पाठवायचंय, जरा उघडून द्या' म्हणतात. ऑटोप्ले बंद केल्यावर सगळ्यात जास्त अडचण इथेच येते, कारण या सीडीवर चित्रं दाखवणारा व्ह्यूअर असतो आणि तो ऑटोरनच्या भरवशावर ठेवलेला असतो. सीडी घातली, काहीच झालं नाही, की लोकांना वाटतं सीडी खराब आहे.

अशा वेळी 'धिस पीसी' उघडा. सीडीच्या चिन्हावर डबल क्लिक करू नका, त्याने कधीकधी फोल्डर उघडण्याऐवजी थेट प्रोग्रामच सुरू होतो. राइट क्लिक करून 'ओपन' म्हणा. आत साधारण हे दिसेल: 'डायकॉमडिर' नावाची, पुढे कसलंही एक्स्टेन्शन नसलेली एक फाइल, 'इमेजेस' किंवा 'डायकॉम' अशा नावाचं फोल्डर, ऑटोरनची छोटी फाइल आणि व्ह्यूअरची ईएक्सई फाइल. फोल्डरातल्या फाइलींची नावं नुसते आकडे असतात आणि त्या फोटोच्या ॲपमध्ये उघडत नाहीत, कारण ते जेपीजी नसून डायकॉम या वैद्यकीय प्रकारातले फोटो आहेत.

व्ह्यूअर थेट सीडीवरून चालवला तर फार रेंगाळतो. त्यापेक्षा पूर्ण सीडी, म्हणजे तिच्यातलं सगळंच्या सगळं, हार्ड डिस्कवर एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. सीडीची क्षमता ७०० एमबी, डीव्हीडीची ४.७ जीबी, त्यामुळे जागेची अडचण येत नाही, वेळ मात्र काही मिनिटं लागतो. निवडक फाइली उचलू नका. डायकॉमडिर ही फाइल म्हणजे अनुक्रमणिका आहे, तिच्यात प्रत्येक चित्राचा पत्ता लिहिलेला असतो. फोल्डरांची नावं किंवा रचना बदलली की व्ह्यूअरला काहीच सापडत नाही. कॉपी झाल्यावर व्ह्यूअर तिथून चालवा. सीडीवरचा व्ह्यूअर खूप जुना असून चालतच नसेल, तर मायक्रोडायकॉमसारखा व्ह्यूअर टाकून त्यात तेच फोल्डर उघडा.

काम झाल्यावर ते फोल्डर शिफ्ट-डिलीटने पुसा. रुग्णाचं नाव, वय, तपासणीची तारीख हे सगळं त्या प्रत्येक चित्रात असतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते पडून राहू देणं योग्य नाही.

सीडी घातलीच नाही, तरी सीडीचा मेसेज

ग्रामपंचायतीत आणि तलाठी कार्यालयात डिजिटल सहीचं टोकन असतं. दिसायला पेनड्राइव्हसारखं. लावलं की 'धिस पीसी' मध्ये एक नवी सीडी ड्राइव्ह उगवते आणि सेटअप चालवायचा मेसेज येतो. असं का होतं? अनेक टोकनांच्या आत त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला टोकन वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम, एका खोट्या सीडीच्या रूपात साठवलेला असतो. ज्या कॉम्प्युटरवर तो नाही तिथे इंटरनेटशिवाय टाकता यावा, हा हेतू. जुन्या यूएसबी इंटरनेट डोंगलमध्ये आणि काही प्रिंटरमध्येही हीच रचना आहे.

ड्रायव्हर एकदा पडला की या खोट्या सीडीचं काम संपलं. पण मेसेज दर वेळी येतो आणि नवीन माणूस दर वेळी सेटअप पुन्हा चालवत बसतो. त्यातून एकाच टोकनाचा ड्रायव्हर दोन-तीन आवृत्त्यांत पडतो आणि सही करताना टोकन सापडतच नाही. वर सांगितल्याप्रमाणे 'सॉफ्टवेअर' समोर 'टेक नो ॲक्शन' केलं की हा मेसेज जातो. सहीवर काही परिणाम होत नाही, कारण सही ड्रायव्हरमधून होते, त्या सीडीतून नाही. सापडेनासं झालं असेल तर सगळ्या जुन्या आवृत्त्या अनइन्स्टॉल करून, रीस्टार्ट करून, एकदाच नवी टाका.

एका कॉम्प्युटरवर अनेक युजर असतील तर

सेटिंग्जमधलं ते बटण फक्त त्या युजरपुरतं असतं. एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा शाळेच्या लॅबमध्ये शिक्षकाच्या लॉगिनवर बंद केलं आणि मुलांच्या लॉगिनवर चालूच राहिलं, असं होतं ते यामुळे. सगळ्यांसाठी बंद करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो.

विंडोज प्रो असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. आलेल्या चौकोनात इंग्रजी अक्षरं जी-पी-ई-डी-आय-टी, मग टिंब, मग एम-एस-सी टाइप करून एंटर करा. ग्रुप पॉलिसी, म्हणजे पूर्ण कॉम्प्युटरला लागू होणाऱ्या नियमांची यादी, उघडेल. डावीकडे 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन', 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'विंडोज कॉम्पोनंट्स', 'ऑटोप्ले पॉलिसीज' असं एकात एक जा. उजवीकडे 'टर्न ऑफ ऑटोप्ले' वर डबल क्लिक. इथे नवखे चुकतात: बंद करायचं म्हणून 'डिसेबल्ड' निवडतात. नियमाचं नावच 'ऑटोप्ले बंद करा' असं आहे, म्हणून तो नियम लागू करायला 'एनेबल्ड' निवडायचं. खाली 'ऑल ड्राइव्ह्ज' ठेवा आणि ओके करा. त्याच यादीत 'सेट द डिफॉल्ट बिहेवियर फॉर ऑटोरन' आहे, तेही 'एनेबल्ड' करून 'डू नॉट एक्झिक्यूट एनी ऑटोरन कमांड्स' निवडा. मग रीस्टार्ट.

विंडोज होममध्ये ग्रुप पॉलिसी येत नाही. तिथे रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती नोंदवही. विंडोज-आर दाबून आर-ई-जी-ई-डी-आय-टी टाइप करा. काहीही बदलण्याआधी 'फाइल' मेनूतून 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवा, हे टाळू नका. मग 'एचकी लोकल मशीन', 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'करंट व्हर्जन', 'पॉलिसीज', 'एक्सप्लोरर' इथपर्यंत जा. एक्सप्लोरर नसेल तर पॉलिसीजवर राइट क्लिक करून नवी की त्या नावाने तयार करा. आत उजवीकडे मोकळ्या जागी राइट क्लिक, 'न्यू', '३२ बिट डीवर्ड', आणि नाव: नो, ड्राइव्ह, टाइप, ऑटोरन हे चार इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता. त्यावर डबल क्लिक करून 'डेसिमल' निवडा आणि किंमत २५५ लिहा.

२५५ का? प्रत्येक प्रकारच्या ड्राइव्हला एक आकडा दिलेला आहे: पेनड्राइव्हसारख्या काढत्या-घालत्या वस्तूंना ४, हार्ड डिस्कला ८, नेटवर्कला १६, सीडी-डीव्हीडीला ३२. जे बंद करायचे त्यांची बेरीज लिहायची. २५५ मध्ये सगळे येतात. फक्त सीडी आणि पेनड्राइव्ह बंद करायचे तर १८१. त्यात ४ आणि ३२ सोबत १४५ धरलेले आहेत, म्हणजे नेटवर्क आणि अनोळखी प्रकार, जे विंडोज स्वतःहूनच बंद ठेवतं. 'डेसिमल' न निवडता २५५ लिहिलं तर तो हेक्सातला, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतला, वेगळाच आकडा धरला जातो. 'सगळं केलं पण फरक पडला नाही' यामागे बरेचदा एवढंच असतं.

ऑटोप्ले बंद असूनही येणारे मेसेज

'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क'. हा मेसेज आला की हात कीबोर्डवरून काढा. फॉरमॅट दाबू नका, माणसाचा सगळा डेटा जाईल. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथेही तसंच आलं तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे पाठवा.

'देअर इज अ प्रॉब्लेम विथ धिस ड्राइव्ह, स्कॅन अँड फिक्स'. पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता ओढून काढला किंवा कॉपी चालू असताना लाइट गेली की विंडोज त्यावर खूण करून ठेवतं. ती खूण पुसेपर्यंत मेसेज येत राहतो. आतला डेटा आधी कॉपी करून घ्या, मग ड्राइव्हवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'.

'हाउ डू यू वॉन्ट टू यूज धिस डिस्क'. कोऱ्या सीडीवर डबल क्लिक केल्यावर येतो. बर्निंग सॉफ्टवेअर वापरणार असाल तर 'कॅन्सल' करा.

निळ्या पट्टीची 'धिस ॲप टू मेक चेंजेस' अशी परवानगी मागणारी चौकट, आणि अँटीव्हायरसचा पेनड्राइव्ह तपासायचा मेसेज. हे दोन राहू द्या. वेळ खातात, पण आलेल्या प्रत्येक अनोळखी पेनड्राइव्हसाठी ते हवेतच.

नुसता 'टिंग' आवाज नको असेल तर तो ऑटोप्लेचा नाही. कंट्रोल पॅनलमधल्या 'साउंड' मध्ये 'साउंड्स' टॅब उघडा, 'डिव्हाइस कनेक्ट' निवडून आवाज 'नन' करा.

आणि एक प्रकार फसवा आहे: पेनड्राइव्ह एकदाच लावला, तरी मेसेज पुन्हा पुन्हा येतो, सोबत टिंग-टुंग चालू. ही सेटिंगची चूक नाही, जोडणी तुटते आहे. समोरचे यूएसबी पोर्ट रोजच्या वापराने ढिले होतात, उन्हाळ्यात त्यात धूळही बसते. मागच्या पोर्टला लावून पाहा. बाहेरून जोडायची डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तिला वीज कमी पडत असते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. निळा पोर्ट वापरा, हब काढा, सोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही टोकं लावा. सीडीच मळकी असेल तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसल्याने पडलेला ओरखडा डेटाच्या दिशेने जातो आणि सीडी वाचणं अवघड होतं.

मेसेज गेले, व्हायरस नाही

ऑटोप्ले बंद केल्याने पेनड्राइव्हवरचा व्हायरस आपोआप सुरू व्हायची वाट बंद होते, पण तुम्ही स्वतः डबल क्लिक केलेली फाइल चालणारच. दुकानांतून फिरणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकटचा व्हायरस खूप दिसतो: खरी फोल्डरं लपवतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट पुढे ठेवतो. ओळखायची खूण म्हणजे फोल्डरच्या चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यातला छोटा बाण. बाण दिसला की उघडू नका. आधी अँटीव्हायरसने तपासा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हिडन फाइल्स' दाखवा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची टिक काढा, लपलेली मूळ फोल्डरं दिसतील. त्यातल्या फाइली बाहेर कॉपी करा, शॉर्टकट पुसा, टिक पुन्हा लावा.

शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर सेटिंग्जमध्ये 'रिमूव्हेबल मीडिया' शोधा आणि 'नेव्हर प्रॉम्प्ट ऑर स्टार्ट प्रोग्राम्स ऑन मीडिया इन्सर्शन' वर टिक करा. तिथे एवढंच पुरतं.

पुढे कधी ऑटोप्ले परत हवं झालं, तर ज्या वाटेने बंद केलं त्याच वाटेने चालू करा: ग्रुप पॉलिसीत 'नॉट कॉन्फिगर्ड', रजिस्ट्रीत आपण तयार केलेली ती एक नोंद डिलीट, सेटिंग्जमध्ये बटण चालू. रजिस्ट्रीत २५५ तसंच राहिलं तर सेटिंग्जमधलं बटण चालू करूनही काही दिसणार नाही. म्हणून काय बदललं ते कॉम्प्युटरच्या सीपीयूवर कागदाची चिठ्ठी चिकटवून तारखेसह लिहून ठेवा. दुरुस्तीला येणारा पुढचा माणूस तीच आधी वाचेल.